शुद्धतेचा आकडा आणि त्याचे मालक

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कापसाची गाडी घेऊन वणी, पांढरकवडा वा राळेगाव येथील खरेदी केंद्रावर उभा राहतो, तेव्हा मालाची पारख झाल्यावाचून त्याच्या हाती एक रुपयाही पडत नाही. भारतीय कापूस महामंडळाचा माणूस ओलावा मोजतो. तो ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत फिरते. धाग्याची लांबी पाहिली जाते, कवडी आणि पालापाचोळा पाहिला जातो. यात गैर काही नाही. घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा, हा बाजाराचा पहिला नियम आहे. परंतु हाच शेतकरी मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात बियाणे घ्यायला जातो, म्हणजे स्वतः घेणारा होतो, तेव्हा हा नियम कोठे लुप्त होतो?

तेथे त्याला ४७५ ग्रॅमचे एक मोहरबंद पाकीट मिळते. २०२५च्या खरिपात बोलगार्ड-२ कापसाच्या अशा पाकिटाची केंद्र सरकारने ठरविलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. पाकिटावर छापलेले असते : उगवणशक्ती किमान ७५ टक्के, भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के, जनुकीय शुद्धता किमान ९० टक्के. उगवण आठवड्याभरात डोळ्यांना दिसते. काडीकचरा पाकीट फोडताच दिसतो. परंतु जनुकीय शुद्धता ही अशी वस्तू आहे की जी सरकीच्या दाण्यात दिसत नाही, कोवळ्या रोपात दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा हंगाम हातातून निसटलेला असतो. म्हणूनच ज्याच्या हाती या शुद्धतेची चाचणी, त्याच्या हाती सारा सौदा, असे आज झाले आहे.

संकर म्हणजे दोन भिन्न जनकांच्या संयोगातून आलेली पहिली पिढी. कापसात हा संयोग यंत्राने होत नाही, मजुरांच्या बोटांनी होतो. सायंकाळी मादी वाणाच्या उमलू घातलेल्या कळीतील पुंकेसर खुडायचे आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाचे पराग त्या फुलावर फिरवायचे. हे एकेका फुलावर, महिनोन्महिने चालते. एखादा पुंकेसर राहून गेला, तर ते फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि संकराऐवजी मादी वाणाचेच बी तयार होते. टोमॅटोच्या संकरित बियाण्याची रीत हीच आहे. म्हणून या दोन पिकांची एकत्र गाठ मानकांतही पडते. देशाच्या बीज प्रमाणीकरण मानकांत सर्वसाधारण संकरित बियाण्याला ९५ टक्के जनुकीय शुद्धतेची अट आहे. कापूस, टोमॅटो, वांगी आणि खरबूज यांना मात्र ९० टक्के पुरतात.

या ९० टक्क्यांचा हिशेब शेताच्या भाषेत मांडला पाहिजे. चार फूट बाय दोन फूट अंतरावर लावलेल्या एकरात सुमारे ५,४०० झाडे बसतात. बियाणे नेमके ९० टक्के शुद्ध असेल, तर त्यातली सुमारे ५४० झाडे संकर नसूनही कायद्याला तक्रारीला जागा नाही. शुद्धता ७५ टक्क्यांवर घसरली, तर अशी झाडे १,३५० होतात. ही झाडे वांझ नसतात, परंतु ज्या उत्पन्नाच्या आशेने ९०१ रुपये मोजले ते उत्पन्न ती देत नाहीत. खत मात्र ती तेवढेच खातात, डवरणी तेवढीच मागतात, निंदणाऱ्या बाईची मजुरी तेवढीच लागते. पाकिटातील दहाव्या हिश्श्याचे ९० रुपये ही या व्यवहारातली सर्वांत लहान हानी होय. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे सारे भांडवल या दाण्याच्या मागोमाग जमिनीत जाते. ते बहुधा कर्जाचे असते. बी फसले म्हणून सावकाराचे व्याज थांबत नाही.

आकडा अस्तित्वात आहे

जनुकीय शुद्धता तपासण्याची जुनी पद्धत सरळ आहे. नमुन्याचे बियाणे शेतात पेरायचे, फूल-बोंड येईपर्यंत वाढवायचे आणि अस्सल वाणाच्या झाडांशी एकेक झाड ताडून पाहायचे. व्यवहारात तिला 'जीओटी' म्हणतात. कापसात तिला दोन-तीन महिने लागतात. सरकारी निरीक्षकाने ऐन जूनमध्ये दुकानातून उचललेला नमुना या चाचणीला गेला, तर निकाल येईतो ते बियाणे सर्वदूर पेरून, उगवून, फुलावर आलेले असते. मग शेतकरी तक्रार करतो, तालुक्याची समिती बांधावर येते, पंचनामा होतो. पंचनाम्याने नुकसान मोजता येते, टाळता येत नाही.

येथे कंपन्यांचे वकील सांगतात की, शास्त्राची मर्यादाच अशी आहे, त्याला कोण काय करणार? ही मखलाशी आहे. ती ओळखण्यासाठी यवतमाळातून थोडे पश्चिमेला, अमरावती विभागाच्याच दुसऱ्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्यात गेले पाहिजे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांत, आणि पलीकडे जालन्याच्या बाजूला, शेडनेटखाली टोमॅटो, मिरची आदी भाज्यांचे संकरित बियाणे कंपन्यांसाठी पिकवले जाते. दोन्ही जनकांचे बी कंपनी देते. शेड शेतकऱ्याची, कर्ज शेतकऱ्याचे, कळ्या खुडणाऱ्या बायांची मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून. तयार बियाणे कंपनीच्या ताब्यात गेले, तरी पैसे हाती पडत नाहीत. आधी कंपनी त्या बियाण्याची शुद्धता तपासते. नमुना ठरलेल्या टक्क्यांत 'पास' झाला तर भाव, 'फेल' झाला तर कपात किंवा माल नामंजूर, ही या धंद्याची सर्वमान्य रीत आहे. कापसाच्या बीजोत्पादनातही हीच रीत चालते.

आता या दोन टोकांकडे एकत्र पाहा. बीजोत्पादकाचे पैसे चुकवण्याच्या वेळी कंपनीला प्रत्येक लॉटची शुद्धता माहीत असते. केवळ '९० किंवा त्याहून जास्त' एवढीच नव्हे, तर नेमकी किती, हेही माहीत असते, कारण कपातीचा हिशेब त्याच आकड्यावर व्हावयाचा असतो. पाकीट बाजारात येण्यापूर्वी हा आकडा कंपनीच्या दप्तरात नोंदलेला असतो. म्हणजे शास्त्राची मर्यादा, हंगामाची घाई, नमुन्यांची संख्या या साऱ्या सबबी तेथे आड येत नाहीत. त्या आड येतात फक्त यवतमाळच्या शेतकऱ्यासमोर. जो आकडा पिकवणाऱ्याचे पैसे कापायला चालतो, तो पेरणाऱ्याला दाखवायला का चालत नाही? या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. हा मालकीचा प्रश्न आहे. माहिती ही येथे उत्पादनाच्या साधनांइतकीच खाजगी मालमत्ता झाली आहे. एकाच आकड्याच्या जोरावर एका टोकाला श्रमाचा मोबदला रोखला जातो आणि दुसऱ्या टोकाला तोच आकडा दडवून मालाची पूर्ण किंमत वसूल केली जाते.

बीजोत्पादकाच्या बाबतीतला अन्याय आणखी सूक्ष्म आहे. समजा, एका लॉटची खरी शुद्धता बरोबर ९० टक्के आहे. त्यातून शंभर रोपांचा नमुना घेतला, तर केवळ योगायोगाने त्यात ८४ पासून ९६ पर्यंत संकर रोपे निघू शकतात. हा संख्याशास्त्राचा साधा नियम आहे. चारशे रोपे घेतली तर हीच तफावत तीन टक्क्यांच्या आत-बाहेर येते. म्हणजे शंभर रोपांवर '८७ टक्के, नापास' असा शेरा मिळालेला लॉट प्रत्यक्षात मानकात बसणारा असू शकतो. नमुना किती रोपांचा घेतला, तो कोणी काढला, कोणासमोर मोहरबंद केला, त्याचा दुसरा भाग कोठे आहे, फेरतपासणी कोण करणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मागण्याचा हक्क ज्याला नाही, त्या शेतकऱ्यासमोर ही चाचणी शास्त्र म्हणून येत नाही. ती मुकादमाच्या शेऱ्यासारखी येते. कारखान्यात मालाला खोट काढून पगार कापणाऱ्या मालकाशी लढायला कामगारांनी संघटना बांधल्या. शेडनेटमधल्या या घरबसल्या कारखान्यात अशी संघटना उभी राहणे बाकी आहे.

या टक्क्यांच्या तळाशी आणखी एक वर्ग आहे, ज्याचे नाव कोणत्याच करारात नसते. नापास लॉटचा धसका घेतलेला उत्पादक कळ्या खुडणाऱ्या मजुरांवर दाब वाढवतो आणि मजुरी खाली रेटतो. गुजरात, आंध्र आणि तेलंगणातील कापूस-बीजोत्पादनात लहान मुलींना राबवले गेल्याचे अनेक पाहण्यांतून उघडकीस आले आहे. कळीएवढ्या बोटांनी केलेल्या श्रमातून निघालेली 'शुद्धता' पाकिटावर छापताना त्या श्रमाचा उल्लेख करण्याची कोणालाच गरज वाटत नाही.

कायदा कोणासाठी जागा असतो

शासन असे म्हणेल की, शुद्धतेचे नियमन करण्याची यंत्रणा उभारणे अवघड आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची गरज भासली, तेव्हा मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध खास कायदा केला. पुढे १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा कायदा झाला, तो कशासाठी? तर हलक्या जातीचा कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात शिरून मिसळू नये यासाठी. १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. गाठीवर कारखान्याची खूण हवी, म्हणजे भेसळ कोणी केली ते सापडावे. थोडक्यात, कापसाचा घेणारा गिरणीमालक होता तोवर शुद्धता ही राज्याची जबाबदारी होती. गाठीगाठीचा माग काढता येत होता, तोही संगणक जन्माला येण्यापूर्वी.

स्वतंत्र भारतात शेतकरी हा बियाण्याचा घेणारा झाला. त्याच्यासाठी १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. त्याने प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले. जे बियाणे प्रमाणित नाही, त्यावर विकणाऱ्याने स्वतःच गुणवत्ता लिहावी, आणि अशा बियाण्याला सरकारी भाषेत नाव काय, तर 'सत्यदर्शक'! सत्य कोणते, हे विकणारा ठरवणार आणि दर्शनही तोच घडवणार. या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला शिक्षा ठेवली ती ५०० रुपयांपर्यंतच्या दंडाची. अर्धशतकाहून अधिक काळ हाच आकडा कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि दरम्यान बियाण्याच्या एका पाकिटाची किंमत त्याच्या पुढे निघून गेली. १९८३च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रीला परवाना आणला आणि त्यामागे जीवनावश्यक वस्तू कायद्याची कडक शिक्षाही आहे. परंतु या आदेशाचा बडगा पहिल्याने पडतो तो गावच्या दुकानदारावर. आकडा जिथे तयार होतो आणि जिथे दडवला जातो, त्या दप्तरापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

न्यायालयांना ही विसंगती विधिमंडळाआधी उमगली. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक आहे असे ठरवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शेतकऱ्याने प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी बियाण्याचा नमुना राखून ठेवावा ही अपेक्षा अवास्तव असल्याचे म्हटले. शेतकरी बियाणे पेरण्यासाठी घेतो, जपून ठेवण्यासाठी नव्हे. तरीही दरवर्षी मे महिना उजाडला की कृषी खात्याचे आवाहन निघते : पक्की पावती घ्या, पिशवी आणि टॅग सांभाळा, थोडे बियाणे जपून ठेवा. सल्ला वाईट नाही. परंतु उधारीवर माल उचलणारा घाटंजीचा वा झरी-जामणीचा अल्पभूधारक पक्की पावती कोणत्या बळावर मागणार? आणि पुराव्याचा भार ज्याच्याकडे माहिती नाही त्याच्यावर टाकायचा व ज्याच्याकडे ती लेखी आहे त्याला मोकळे सोडायचे, हा कोणता न्याय?

'स्वातंत्र्या'चा दावा

दुसऱ्या बाजूने एक युक्तिवाद पुढे येतो. सरकार बाजूला हटवा, शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्या, बाजार खोटे बियाणे आपोआप बाहेर फेकेल. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी करून कायदेभंग केला, तो याच भूमिकेतून. या बियाण्याला मान्यता नाही, तरी ते शेतकऱ्यांपर्यंत चोरवाटांनी पोहोचते. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या यवतमाळला हे नवे नाही. शेतकरी ते का घेतो, हे समजून न घेता त्याला गुन्हेगार ठरवणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. निंदणीच्या ऐन दिवसांत मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी झेपत नाही, आणि तणाने पीक गिळले तर वर्ष बुडते, या कोंडीत तो सापडलेला आहे.

परंतु 'स्वातंत्र्य' या शब्दाची परीक्षा याच पाकिटावर होते. त्यावर कंपनीचे खरे नाव नसते, लॉट नसतो, पावती तर नसतेच. आत संकर आहे की संकराच्या पिकातून निघालेली साधी सरकी, तणनाशक सहन करणारा गुण किती दाण्यांत आहे, हे कोणीच सांगत नाही. फसगत झाली तर तक्रार कोठे करायची? तक्रार करणाराच आधी आरोपी. २००१ मध्ये गुजरातेत 'नवभारत-१५१' हे मान्यता नसलेले बीटी बियाणे सापडले, आणि २६ मार्च २००२ला देशात बीटी कापसाला रीतसर मान्यता मिळाली. त्या काळापासूनचा धडा एकच आहे. बाजार खोटे बियाणे बाहेर फेकतो खरा, पण एका हंगामात एक शेतकरी अशा गतीने. प्रत्येक वेळी किंमत शेतकरी मोजतो आणि विक्रेता पुढच्या वर्षी नव्या नावाने परत येतो. तपासणीवाचून मिळालेले स्वातंत्र्य हे विकणाऱ्याचे स्वातंत्र्य होय.

मान्यताप्राप्त बियाण्याच्या बाबतीतही शुद्धतेचा प्रश्न पाकिटापाशी संपत नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील येथे बीटी कापूस सरळ वाणांत आला. भारतात तो जवळजवळ सर्वस्वी संकरांत आणला गेला. कारण उघड आहे. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो; संकराचे राखले तर पुढची पिढी विस्कटते. कोणत्याही स्वामित्वकायद्याशिवाय शेतकऱ्याला दरसाल दुकानात परत आणणारी ही नैसर्गिक बेडी होती. तिचा दुसरा परिणाम बोंडात दिसला. संकराच्या झाडात बीटी जनुक एकाच जनकाकडून आलेला असेल, तर त्या झाडाच्या बोंडांतील दाण्यांपैकी सरासरी एक चतुर्थांश दाण्यांत तो नसतो. सरकीवरच जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी अशी सरमिसळ मिळते आणि प्रतिकारशक्ती कमावायला हे उत्तम शिक्षण ठरते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी संकरांच्या या दोषाकडे वारंवार लक्ष वेधले आहे.

२०१७च्या खरिपात याचे फळ विदर्भाने भोगले. बोंडअळीने कापूस पोखरला. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात राज्य सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत घोषित केली. तिची फोड लक्षात ठेवण्याजोगी आहे : आपत्ती निधीतून ६,८००, पीक विम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. अर्ध्याहून अधिक रक्कम अशा खिशातून यावयाची होती की ज्याच्या मालकांनी हे दायित्व मान्यच केले नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला होता, भरपाईची तरतूदही होती. तरी पुरावा, पंचनामा आणि सुनावणी यांच्या चक्रात हंगामामागून हंगाम जातात, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

मागण्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा पुढे ठेवला. त्यात वाणांची नोंदणी आहे, पाकिटावर क्यूआर कोड आहे, ३० लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. दंडाचा आकडा डोळे दिपवणारा आहे, परंतु दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, बुडालेल्या शेतकऱ्याच्या खात्यात नव्हे. आणि पाकिटावरील त्या कोडातून विकणाऱ्याने स्वतः लिहिलेले 'किमान ९० टक्के' हेच पुन्हा वाचायला मिळणार असेल, तर जुन्या 'सत्यदर्शका'ला नवा मुखवटा चढवला, एवढेच म्हणावे लागेल.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आणि किसान संघटनांनी मागणी नेमकी केली पाहिजे. 'बोगस बियाणे विकणाऱ्यांवर कारवाई करा' ही घोषणा प्रत्येक पक्ष देतो. त्या घोषणेने कोणाचेच काही बिघडत नाही.

पहिली मागणी अशी की, प्रत्येक लॉटची प्रत्यक्ष आढळलेली जनुकीय शुद्धता, नमुन्यातील रोपांची संख्या, चाचणीची तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव पाकिटावर छापलेच पाहिजे. 'किमान' हा शब्द रद्द झाला पाहिजे. हा आकडा कंपनीकडे असतोच, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. बीटी गुणाचा आकडाही वेगळा हवा. आता पाकिटातच ५ ते १० टक्के बिगर-बीटी बियाणे नियमाने मिसळले जाते, तेव्हा या मिश्रणाच्या आड खरी भेसळ दडू नये.

दुसरी, प्रत्येक लॉटचा मोहरबंद नमुना हंगामापूर्वी सार्वजनिक प्रयोगशाळेत जमा व्हावा आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लॉटांची तपासणी मे अखेर पुरी व्हावी. दोन्ही जनकांच्या खुणा रोपात आहेत की नाहीत हे डीएनए चाचणी काही दिवसांत सांगते. बीटी प्रथिन ओळखण्याचे सुटसुटीत संच तर नागपूरच्या कापूस संस्थेनेच तयार केले आहेत. कापसाचे बीजोत्पादन हिवाळ्यात हाती येते आणि पेरणी जूनमध्ये होते. मधले महिने कंपनीला पुरतात, तर शासनालाही पुरले पाहिजेत. निकालाची यादी प्रत्येक कृषी केंद्रात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागली पाहिजे.

तिसरी, बीजोत्पादकाच्या मालाचा नमुना त्याच्या समक्ष तीन भागांत मोहरबंद व्हावा : एक कंपनीला, एक उत्पादकाला, एक सार्वजनिक प्रयोगशाळेला. नमुन्याच्या आकारानुसार येणारी संख्याशास्त्रीय तफावत धरूनच पास-नापास ठरावे, फेरतपासणीचा हक्क असावा, आणि मजुरीचा खर्च निकालाची वाट न पाहता आगाऊ मिळावा.

चौथी, पीक फसल्यास बियाणे शुद्ध होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा आणि भरपाई कंपनीने आधीच भरलेल्या अनामतीतून त्याच हंगामात मिळावी. २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने, वाण सांगितल्याप्रमाणे न निपजल्यास भरपाई मागण्याचा हक्क दिलेला आहे. तो हक्क कागदावरून बांधावर आणायचा आहे.

आणि पाचवी, या साऱ्यांच्या मुळाशी जाणारी. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९७६ पासून महाबीज आहे, बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालय आहे, नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे. जगातला पहिला व्यापारी कापूस संकर एच-४ हा १९७० साली सुरतेच्या सरकारी संशोधन केंद्रातून आला. विदर्भाने वर्षानुवर्षे लावलेला एनएचएच-४४ नांदेडच्या सरकारी केंद्रातून आला. बीटी असलेले सरळ वाणही सार्वजनिक संस्थांनी तयार केले आहेत. ज्ञान लोकांच्या पैशातून निर्माण झाले, बाजार मात्र खाजगी कंपन्यांच्या हाती गेला. कोरडवाहू जमिनीसाठी लवकर येणारे, राखून पेरता येणारे सरळ वाण मुबलक पुरवणे, ही सार्वजनिक क्षेत्राची जबाबदारी आहे. शेतकरी स्वतःचे बी स्वतः राखू लागला, तर त्याच्या शुद्धतेचा साक्षीदारही तोच होतो.

या मागण्यांतली पहिली उद्याच लढता येण्याजोगी आहे. येत्या उन्हाळ्यात तालुक्यातालुक्यात कृषी केंद्रांवर जावे, पाकिटांवरचे लॉट क्रमांक टिपून घ्यावेत, आणि शेतकऱ्यांच्या सह्यांनिशी जिल्हा कृषी अधीक्षकांकडे एकच प्रश्न लेखी विचारावा : या लॉटची प्रत्यक्ष शुद्धता किती आढळली आणि ती कोणी तपासली? उत्तर नसेल, तर 'उत्तर नाही' असे लेखी मागावे. तोच प्रश्न बुलढाण्याच्या शेडनेटमधल्या बीजोत्पादकांनीही आपापल्या नापास लॉटबद्दल विचारावा. पिकवणारा आणि पेरणारा यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यातच या धंद्याचा नफा आहे. दोघांनी आपापले कागद एका टेबलावर ठेवले, की आकडा फार काळ तिजोरीत राहू शकणार नाही.